बॉम्बे रक्तगट आणि पांढऱ्या पेशींची वाट

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, की शरीर जंतूंशी झुंजत आहे असे सर्रास मानले जाते. परंतु पेशी पुरेशा असणे आणि त्या जागेवर पोहोचणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि हा भेद उलगडण्यात मुंबईत सापडलेल्या एका रक्तगटाचा अनपेक्षित संबंध येतो.

दाह झालेल्या जागी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिने उमटतात. वाहत्या रक्तातील पांढरी पेशी आपल्या पृष्ठभागावरील फ्युकोजयुक्त शर्करेच्या आधारे त्यांना अडखळते आणि भिंतीवरून घरंगळू लागते. तेथे केमोकाइन हे रासायनिक इशारे तिच्या ग्राहींना, म्हणजे पृष्ठभागावरील ओळख पटवणाऱ्या प्रथिनांना, जाऊन भिडतात. त्यासरशी इंटिग्रिन ही दुसरी प्रथिने घट्ट पकड घेतात आणि पेशी भिंत ओलांडून ऊतीत शिरते. पकड आणि सुटका यांचा हा क्रम एका जागी जरी तुटला, तरी पुढचे सारे निष्फळ ठरते.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या बॉम्बे रक्तगटात तांबड्या पेशींवर ए आणि बी हे प्रतिजन नसतातच, शिवाय ओ गटातही आढळणारा एच प्रतिजनसुद्धा नसतो, कारण तो घडवताना फ्युकोज जोडणारे विकर निकामी असते. म्हणूनच या व्यक्तींना ओ गटाचे रक्तही चालत नाही. पांढऱ्या पेशींवर फ्युकोज जोडणारी विकरे मात्र वेगळी असल्याने त्यांच्या प्रतिकारशक्तीला सहसा बाध येत नाही.

१९९२ साली इस्रायलमधील संशोधकांनी वर्णन केलेल्या दोन मुलांची गोष्ट निराळी होती. रक्तगट बॉम्बे, पांढऱ्या पेशी भरमसाट, आणि तरीही संसर्ग वारंवार, तोही जवळजवळ पू न होता. (किळसवाणा मानला जाणारा पू हा खरे तर पेशी पोहोचल्याचा पुरावा असतो.) पुढे उमगले, की या मुलांत फ्युकोजला पेशीतील गॉल्जी पिंडात नेणारे वाहक प्रथिनच सदोष होते, त्यामुळे ती शर्करा कोणत्याच विकराच्या हाती लागत नव्हती, आणि रक्तगट व पेशींची पकड दोन्ही एकदमच हरपली होती. तोंडावाटे फ्युकोज दिल्यावर अशा काही रुग्णांत सुधारणा झाली, काहींत मुळीच नाही, कारण वाहकातील बिघाड प्रत्येकात सारखा नसतो.