होडीतला माणूस

अमक्याने इंग्लिश खाडी एकट्याने पोहून पार केली, अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. त्यातील ‘एकट्याने’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आम्हां वॉटफर्डकरांना समुद्र दूरच. कोल्न नदी आणि कालवा यांवरच समाधान मानावे लागते. तरीही हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे, म्हणून वाचकांपुढे मांडीत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डोव्हरपासून फ्रान्सचा किनारा सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर. भरती-ओहोटीच्या ओढीमुळे प्रत्यक्षात पोहावे लागते याहून बरेच जास्त, आणि पाणी उन्हाळ्यातही अंग गोठविणारे. १८७५ साली कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी ती प्रथम पार केली, त्यांना पावणेबावीस तास लागले. १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा यांनी भारताचे नाव तेथे नेले. पुण्याचे रोहन मोरे यांनी तर २०१८ पर्यंत या खाडीसह जगातील सात अवघड सागरी मार्ग पोहून पुरे केले. आपल्या मुलखातही धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया असे सुमारे ३६ किलोमीटर पोहतात. अलिबाग-पेणकडच्या आपल्या मंडळींना ती खाडी कोठे आहे हे सांगायला नको.

या सर्वांच्या सोबत होडी होती. खाडीचा नियम असा आहे की पोहणाऱ्याने होडीला धरायचे नाही, आणि होडीतल्या कोणी त्याला आधार द्यायचा नाही. खाणेपिणे द्यायचे ते काठीने किंवा दोरीने. कोणी हात देऊन सावरले, की ते पोहणे तेथेच संपले. म्हणजे सोबत्याने रात्रभर जागायचे, मित्र थंडीने काकडताना पाहायचा, आणि हात मात्र आवरून धरायचा. मैत्रीची याहून कठीण परीक्षा क्वचितच असेल.

मग होडीतला माणूस करतो तरी काय? पोहणाऱ्याचे डोळे पाण्याच्या पातळीवर असतात. त्याला किनारा दिसत नाही, प्रवाह कोठे नेतो आहे हे कळत नाही. दिशा राखणे, वेळ सांगणे, पोटात काही जाते आहे ना हे पाहणे ही कामे होडीची. हात मारणे तेवढे त्याचे स्वतःचे, आणि ते दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

तालमुदाच्या किद्दुशीन या भागात बापाने मुलाला काय काय शिकवावे हे सांगितले आहे. त्यात पोहणेही शिकवावे, असे काही शास्त्र्यांचे मत दिले आहे. त्याचे मर्म मला असे वाटते की, मुलगा पाण्यात पडेल तेव्हा बाप शेजारी असेलच असे नाही. कोकणात मुलाच्या पाठीला सुका भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडीत. तो भोपळा एक दिवस सोडावा लागे, नाही तर पोहणे आले असे कोणी म्हणत नसे. मी आयुष्यभर मास्तरकी केली. फळ्यापाशी अडलेल्या मुलाला उत्तर सांगून टाकण्याचा मोह प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

परंतु हात कधीच द्यायचा नाही काय? १९२५ मध्ये गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन तरुणीला तिचे शिक्षक जेबझ वुल्फ यांच्या हुकुमावरून पाण्याबाहेर काढले. हे ग्लासगोचे ज्यू गृहस्थ स्वतः वीसहून अधिक वेळा प्रयत्न करूनही कधी पार झाले नव्हते. तिला त्यांचा फार राग आला. आपण पुढे जाऊ शकलो असतो, असे तिचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या शिक्षकाबरोबर, वडील व बहीण सोबत असताना, ती खवळलेल्या समुद्रातून पार झाली, आणि तीही आधीच्या पाचही पुरुषांपेक्षा कमी वेळात. याउलट १९८८ मध्ये ब्राझीलची रेनाता अगोंदी खाडी पोहताना मरण पावली.

लवकर काढण्याने एक वर्ष जाते, उशिरा काढण्याने माणूस जातो. म्हणून जिवाचा प्रश्न आला की हात द्यावाच, आणि पोहणाऱ्याने नंतर कितीही राग धरला तरी तो सोसावा. मात्र आपल्याला पाहवत नाही, एवढ्याच कारणाने हात देऊ नये. ती भीती आपली असते, आणि तिची किंमत दुसऱ्याने भरायची हा न्याय नव्हे.

येथे आपल्या वयाची किती तरी माणसे एकेकट्या घरात राहतात. मुले प्रेमाने सगळे हातातून काढून घेतात: बाजारहाट, बँकेचे काम, शेवटी दाराची किल्लीसुद्धा. काही मुले ‘आई खंबीर आहे’ म्हणून महिनोन् महिने फोन करीत नाहीत. पहिली वेळेआधी हात घालतात. दुसऱ्यांची होडीच जवळ नसते. आणि आपणही काही कमी नाही. पडलो तर लपवितो, डॉक्टरला नको म्हणतो. होडीतल्यांना खरे सांगायचे नाही आणि वर त्यांना दिसत नाही म्हणून रुसायचे, हे बरोबर नाही.

२०१८ साली चार अपंग भारतीय जलतरणपटूंनी पाळीपाळीने पोहून ही खाडी पार केली. त्यांत महाराष्ट्राचा चेतन राऊत होता, इतर तिघे मध्य प्रदेश, राजस्थान व बंगालचे. अशा पोहण्यात प्रत्येकाने एक तास पोहायचे, मग पुढच्याने उतरायचे. क्रम बदलता येत नाही, आणि एकाने पाळी सोडली तर सर्वांचेच पोहणे बाद. पाण्यातला माणूस तासाभराने होडीत असतो, होडीतला पाण्यात. मुले लहान असताना आपण होडीत होतो, आता पाळी बदलली आहे. तेव्हा कोणत्या खुणेला हात द्यायचा आणि कोणत्या खुणेला नाही, हे मुलांशी बसून एकदा ठरवून घ्यावे. पाणी शांत असतानाच ते बोलणे होते.