बदललेल्या चाकांची गाडी

दोनशे किलोंहून जड अशा अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलची ओतीव चाके काढून आऱ्यांची चाके बसवली, तर गाडी तीच राहते का? प्रश्न गॅरेजातला वाटतो. पण भारतीय दर्शनांनी तो दोन हजार वर्षांपासून चघळला आहे, आणि तोही कधी कधी वाहनाचेच उदाहरण घेऊन.

आधी चाकांचे पाहू. या वर्गातल्या अनेक गाड्यांना पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाके व ट्यूबलेस टायर असतात. डांबरी रस्त्यावर ही जोडी उत्तम चालते. जबलपूरच्या जुन्या वस्तीत, दीक्षितपुऱ्याच्या अरुंद गल्ल्यांतही तिची काही तक्रार नसते. शहर सोडल्यावर मात्र जमीन बदलते. नर्मदेच्या खोऱ्यात काळी चिकणमाती आहे. पावसाळ्यात बांध घालून पाणी साठवायचे आणि ओसरल्यावर गहू पेरायचा, ही इथली ‘हवेली’ शेती तिच्यावरच उभी आहे. मंडल्याच्या बाजूला चढले की दख्खनी बेसाल्टचे दगड सुरू होतात. ओतीव चाक अशा दगडावर जोरात आदळले तर तडकते, आणि तडकलेले ओतीव चाक वाटेत दुरुस्त होत नाही. आऱ्यांचे चाक त्याच धक्क्याला वाकते, आणि वाकलेले चाक आऱ्यांचा ताण कमीजास्त करून बऱ्याच अंशी सरळ करता येते. पुढचे चाक २१ इंची असेल तर ते दगडावर अधिक सहज चढते, खड्ड्यात कमी बुडते.

पण चाक एकटे बदलत नाही. आरे रिमच्या मधोमध ओवलेले असतील तर त्या भोकांतून हवा जाते, म्हणून ट्यूब परत येते. (आरे रिमच्या कडांना अडकवले की ट्यूबलेस टायर चालतो, पण अशी चाके महाग.) चिखलासाठी हवा कमी केली की टायर रिमवर घसरतो, ट्यूबचा वॉल्व्ह उखडतो, म्हणून टायर रिमला आवळून धरणारा रिमलॉक लावावा लागतो. मोठे चाक मडगार्डला घासते, आणि तिथे चिखल भरला तर फिरायचेच थांबते. पुढची बाजू उचलली गेल्याने हँडल वळायला जड होते आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. एबीएस दोन्ही चाकांच्या फेऱ्या मोजून चालते, म्हणून तिची दातेरी कडी नव्या चाकावर नेमकी बसवावी लागते. मोठे चाक त्याच वेगाला कमी फेऱ्या घेते. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल, तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. एका बदलामागून सक्तीने येणारी ही रांग लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावरच आहे.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस, चाके, दांडी, जू यांतले एकही रथ नाही, सगळ्यांची बेरीजही रथ नाही, आणि त्यांच्याबाहेरही रथ सापडत नाही. ‘रथ’ हा केवळ व्यवहार, भागांच्या आधाराने वापरलेले एक नाव. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनाचे नाव मिळाले, त्यामुळे महाराष्ट्राला ही जोडी अपरिचित नाही. नागसेनाच्या हिशेबाने चाके बदलल्यावर गाडी ‘तीच’ की ‘वेगळी’ हा वादच पोकळ ठरतो. मुळात ‘ती’ अशी कुणी नव्हतीच.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून खरोखरच वेगळी असते आणि समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, त्यांच्यात राहते. पण या वास्तववादाची त्यांना जबर किंमत मोजावी लागते. वस्त्रातला एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट होऊन ‘खंडपट’ नावाचे नवे वस्त्र जन्मते, असे त्यांना म्हणावे लागते. हे मोटारसायकलला लावले तर पंक्चरवाल्याकडून परतलेली प्रत्येक गाडी नवी. जैन दर्शन द्रव्य टिकते आणि पर्याय, म्हणजे त्याच्या अवस्था, बदलतात असे सांगून दोन्ही टोके सांभाळते, पण गाडीचे द्रव्य कोणते आणि पर्याय कोणता हे ठरवणे उरतेच. पाश्चात्त्य परंपरेत हाच प्रश्न प्लुटार्कने, एकेक फळी बदलत गेलेल्या थिसिअसच्या जहाजाच्या निमित्ताने नोंदवला. सतराव्या शतकात हॉब्जने त्याला आणखी एक पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या जोडून दुसरे जहाज केले तर खरे कोणते? काढलेली ओतीव चाके दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागतात तेव्हा हा पेच रोजच पडतो, आणि कुणाची झोप त्याने उडत नाही.

कायद्याने या वादावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. गाडीची ओळख चासी क्रमांकात. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेल्या जोंगा गाड्या सैन्याने लिलावात काढल्यावर अनेकांनी त्यांचे पेट्रोल पिणारे इंजिन काढून डिझेलचे बसवले, तरी सगळे त्यांना जोंगाच म्हणत राहिले. मात्र १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडी तीच राहते, आणि ती तीच राहते म्हणूनच तिच्या बदलांना बंधन पडते.

या सगळ्यांपेक्षा उपयोगी विचार मीमांसकांचा आहे, आणि तो सहसा आठवला जात नाही. यज्ञाच्या बारीकसारीक तपशिलांवर वाद घालणारे शास्त्र म्हणून मीमांसा आज बाजूला पडली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे केवलानंद सरस्वती यांनी तिच्यासाठी सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला, तो अभ्यासकांच्या कपाटातच राहिला. पण बदल कधी मूळ वस्तू राखतो आणि कधी मोडतो, यावर इतका काटेकोर विचार दुसऱ्या कुणी केलेला नाही. वस्तू मुळात काय आहे, हे मीमांसक विचारत नाहीत. ती कोणत्या कर्मासाठी आहे, एवढेच विचारतात.

त्यांच्याकडे बदलाचे निरनिराळे प्रकार आहेत. पहिला प्रतिनिधी: सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर त्याच्याशी सर्वांत मिळतेजुळते घ्यावे, म्हणजे व्रीहीऐवजी (भाताऐवजी) नीवार हे रानधान्य, सोमवल्लीऐवजी पूतीका ही वनस्पती. इथे एक मार्मिक अट आहे. नित्यकर्म, म्हणजे नेमाने करायचेच असलेले, प्रतिनिधी घेऊनही सुरू करता येते. काम्य कर्म, म्हणजे स्वतःच्या इच्छेने फळासाठी केलेले, सुरुवातीलाच प्रतिनिधी घेऊन करता येत नाही. तिथे द्रव्य मिळेपर्यंत थांबावे. मात्र काम्य कर्म सुरू झाल्यावर द्रव्य नष्ट झाले, तर प्रतिनिधी घेऊन ते पुरे करावेच लागते. मंडल्याच्या वाटेवर चाक तडकले आणि जवळच्या गावात मिळेल ते बसवून घर गाठले, तर तो रीतसर प्रतिनिधी. घरून निघतानाच हलके, जुळेलसे वाटणारे चाक ठोकून हौसेच्या वाटेवर जाणे ही मीमांसकांच्या लेखी चूक, आणि मेकॅनिकच्या लेखीही.

दुसरा प्रकार ऊह. एक यज्ञ प्रकृती, म्हणजे मूळ नमुना, आणि त्यावरून बेतलेला दुसरा विकृती. (‘विकृती’ला इथे कसलाही वाईट वास नाही.) मूळ यज्ञाची सगळी अंगे विकृतीत जशीच्या तशी येतात, पण देवता बदलली असेल तर मंत्रातले अग्नीचे नाव काढून सूर्याचे घालावे लागते. गरजेपुरता बदल तो ऊह. तिसरा बाध: विकृतीत ज्या अंगाला काही कामच उरले नाही ते गळते. तांदळाऐवजी सोन्याचे कण शिजवायचे असतील तर कांडण्याची क्रिया होत नाही, कारण सोन्याला कोंडा नसतो.

चाकांचा बदल नेमका या चौकटीत बसतो. रस्त्याची गाडी प्रकृती, रानवाटेची विकृती. ट्रायम्फ कंपनी हे स्वतःच करते. टायगर ९०० ही एकच गाडी जीटी रूपात १९ इंची ओतीव आणि रॅली रूपात २१ इंची आऱ्यांच्या चाकांवर येते. चाक हा ऊह. मडगार्ड वर नेणे, स्टँड लांब करणे, एबीएसची कडी हलवणे हे त्या ऊहाने ओढून आणलेले बदल, आणि ते अर्धवट सोडले तर कर्म अंगहीन. चिखलाने भरणारे खालचे मडगार्ड काढणे हा बाध. पण बाधाला निरुपयोगाचा पुरावा लागतो. दिसायला बरे वाटते म्हणून एबीएस उखडून टाकणे बाधात बसत नाही, कारण परतताना पुन्हा डांबरी रस्ता आहेच.

धार्मिक अंगही इथेच सुटते. दसऱ्याला पूजलेल्या गाडीची चाके बदलली तर पूजा पुन्हा करावी का, असे विचारले जाते. पुरीचे रथ दरवर्षी नव्या लाकडाचे बनतात. जगन्नाथाच्या नंदिघोषाची सोळाही चाके नवी असतात, तरी रथ नंदिघोषच. नाव आणि ओळख लाकडातून येत नाही, सेवेतून येते. म्हणून गाडीची निराळी पूजा लागत नाही. नवी चाके पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबू शकतात.

एका जागी मात्र मीमांसक अडवतात. मंत्र, देवता, यजमान आणि क्रिया यांना प्रतिनिधी नसतो. जबलपुरात ग्वारीघाट आणि तिलवाराघाट ही नर्मदा परिक्रमेची ठिकाणे आहेत, आणि परिक्रमेला निघणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ असतात. अलीकडे काही जण ती मोटारसायकलने करतात. पायी परिक्रमेत चालणे ही क्रियाच आहे, साधन नव्हे. म्हणून मोटारसायकल पायांचा प्रतिनिधी होऊ शकत नाही, चाके कितीही चांगली असोत. वाहनाने नर्मदेला फेरी घालणाऱ्याने संकल्पच वाहनफेरीचा करावा. ते निराळे कर्म ठरेल आणि त्यात दोष नाही.