खोट्या आकाशातलं खरं ज्ञान

संगणकाच्या पडद्यावर ओझरच्या धावपट्टीवर एक छोटं सेसना विमान उभं आहे. इंजिन सुरू झालेलं नाही, चाकं जमिनीवर आहेत आणि तरी उंची सांगणारा काटा 1,900 फुटांच्या पुढे गेलेला आहे. होम सिम्युलेटर पहिल्यांदा उघडणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय. थोड्या वेळाने उलगडा होतो: हा काटा जमिनीपासूनची नव्हे, तर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, आणि नाशिकचं पठारच तेवढं उंच आहे. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या दिशेने जायचं तर ते डोंगर चार हजार फुटांच्या वर आहेत, हा हिशेब त्याच काट्यावर करावा लागतो. आता पाहा, तिथे विमान नाही, धावपट्टी नाही, काटासुद्धा रंगवलेला आहे. पण त्यातून जे कळलं ते खरं आहे. उद्या खऱ्या ओझरला खऱ्या विमानात बसलं तरी ते बदलणार नाही. खोट्या वस्तूने खरं ज्ञान कसं दिलं? खेळण्याच्या निमित्ताने पडलेला हा प्रश्न आपल्या दर्शनांतल्या अत्यंत गंभीर प्रश्नांपैकी एक आहे.

आद्य शंकराचार्यांपुढे तो अगदी टोकदारपणे उभा होता. जग मिथ्या असेल तर वेदान्ताची वाक्यंही त्याच जगातली, म्हणजे मिथ्या. मग त्यांतून ब्रह्माचं सत्य ज्ञान कसं होईल? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या पादाच्या चौदाव्या सूत्रावरील भाष्यात त्यांनी हा आक्षेप स्वतःच मांडून त्याला उत्तर दिलं आहे. विष पोटात गेल्याच्या नुसत्या शंकेनेही माणूस मरतो. स्वप्नात साप चावतो तो खोटा, पण तो चावल्याचं जे ज्ञान झालं ते जागेपणीही नाकारता येत नाही. तिसरं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. कागदावर ओढलेल्या रेघा म्हणजे अक्षर नव्हे. अक्षर हा ध्वनी आहे. तरी त्या रेघांना अक्षर मानूनच आपण खऱ्या अक्षरांपर्यंत पोचतो. पाटीवर ‘अ’ गिरवणाऱ्या मुलाला कुणी म्हणत नाही की तू खोटं शिकतोयस.

सिम्युलेटर ही आकाशाची पाटी आहे. नवशिक्याची पहिली मोठी चूक नेहमी एकच असते: वर जायचं म्हणून तो नाक वर उचलतो, आणखी वर जायचं म्हणून आणखी उचलतो. वेग ओसरतो, इशाऱ्याचा आवाज वाजू लागतो, आणि मग पंखांवरून वाहणारी हवा पंखांची साथ सोडते. विमान खाली कोसळू लागतं. याला स्टॉल म्हणतात. जमीन समोर येत असताना प्रत्येकाचा हात स्टिअरिंग आणखी मागे ओढतो, आणि त्यानेच स्टॉल अधिक गहिरा होतो. उपाय उलटा आहे: नाक खाली करायचं, पंखांना हवा पुन्हा नीट मिळू द्यायची, मग हळूच वर यायचं. पडताना आणखी खाली झुकायचं, ही गोष्ट वाचून पटते. हाताला मात्र दहावीस वेळा पडल्यावरच पटते. शंकराचार्यांच्या अद्वैतात सत्याची कसोटी अबाधित असण्याची आहे: जे नंतरच्या ज्ञानाने खोडलं जात नाही, ते सत्य. संगणक बंद केला की विमान बाधित होतं, ढग बाधित होतात. नाक खाली करण्याचा नियम बाधित होत नाही.

यावर पहिला आक्षेप प्रचीतीचा. नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं तप केलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात प्रचीतीवर जो भर दिला, तो ध्यानात घेऊन कुणीही म्हणेल की अनुभवावाचूनचं ज्ञान पोकळ असतं. मान्य. पण इथे अनुभव नाही हे कशावरून? स्टॉलबद्दल वाचणारा आणि पडद्यावर तो स्वतःच्या हाताने ओढवून सोडवणारा, यांत दुसऱ्याला प्रचीती आलेली आहे. ती पडद्यापुरती आहे इतकंच. शिवाय खऱ्या आकाशातला अनुभवही आपोआप सगळं शिकवत नाही. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान 1 जून 2009 ला अटलांटिकमध्ये पडलं आणि 228 माणसं गेली. वेगाची नोंद काही काळ चुकीची झाली, ऑटोपायलट सुटला, विमान स्टॉलमध्ये गेलं, इशारा पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि नियंत्रण ज्याच्या हाती होतं त्याच्याकडून नाक बहुतेक वेळ वरच ओढलं गेलं. त्या विमानातले तिघे वैमानिक काही नवशिके नव्हते. त्यांच्या गाठीशी हजारो तासांचं उड्डाण होतं; एवढ्या उंचीवर हाताने विमान सावरण्याचा सराव मात्र त्यांना मिळालेला नव्हता. पुढे अमेरिकेच्या नियामकांनी विमान कंपन्यांच्या वैमानिकांना पूर्ण स्टॉलचा सराव बंधनकारक केला, आणि तो सिम्युलेटरमध्ये. खऱ्या आकाशाने जे शिकवलं नव्हतं ते शिकवायला खोटं आकाश लागलं.

दुसरा आक्षेप शरीराचा आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. टेबलापाशी बसलेल्याला वळणाचा दाब जाणवत नाही, पोटात खड्डा पडत नाही. मग तो उडतो कसला? पण ढगात शिरलेल्या वैमानिकाचं शरीर त्याला काय सांगतं ते पाहा. क्षितिज दिसेनासं झालं की कानातला तोल सांभाळणारा अवयव फसतो. विमान हळूहळू एका बाजूला कलत असतं आणि शरीर ठामपणे सांगत असतं की आपण सरळ चाललो आहोत. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवर उडण्याचं शिक्षण न घेतलेल्या 20 वैमानिकांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला लावलं. सरासरी 178 सेकंदांत विमान त्यांच्या हाताबाहेर गेलं. म्हणजे इथे प्रत्यक्षच भ्रम आहे आणि काचेमागचा रंगवलेला काटा प्रमाण आहे. घरच्या पडद्यावर शिकणारा हे काटे वाचायला शिकतो. त्याने अजून न केलेलं काम वेगळं आहे: आपलं अंग ओरडून उलटं सांगत असताना त्या काट्यांवर विश्वास ठेवणं. ज्ञान त्याच्याकडे आहे, त्या ज्ञानाची देहावर सत्ता अजून नाही.

इथेच या सगळ्याची खरी मर्यादा आहे आणि ती झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. पडद्यावरचं विमान थांबवता येतं. पडलं तर एक कळ दाबून ते पुन्हा ओझरच्या धावपट्टीवर उभं राहतं. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कवर पक्षी आदळून एका एअरबसची दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी ती हडसन नदीत उतरवली आणि 155 जण वाचले. चौकशीत सिम्युलेटरवर तोच प्रसंग पुन्हा रचला गेला. पक्षी आदळताच क्षणात वळलेले काही वैमानिक लाग्वार्डिया विमानतळापर्यंत पोचले. पण काय झालं हे ओळखायला, विचार करायला माणसाला लागणारे 35 सेकंद हिशेबात धरून प्रयोग केला, तेव्हा तिथे पोचता आलं नाही. सिम्युलेटरमधल्या वैमानिकांना पक्षी येणार हे ठाऊक होतं. विमानाच्या बाबतीत यंत्र चुकलं नव्हतं. माणसाच्या बाबतीत ते अपुरं होतं. आपल्या परंपरेत ज्ञानापासून वेगळा काढलेला एक शब्द आहे, अधिकार. अधिकार कळण्याने येत नाही, भार वाहण्याने येतो. अंजनेरीला ज्याचं जन्मस्थान मानलं जातं त्या हनुमानाच्या बालपणीच्या सूर्याकडच्या झेपेलाही वज्राचा घाव खावा लागला, आणि त्याचं नावच त्या हनुवटीवरून पडलं असं सांगतात. ज्या उड्डाणाला घाव नाही, ते उड्डाण ज्ञान देतं, अधिकार देत नाही.

मग मोठ्या विमान कंपन्यांत अनुभवी वैमानिक नव्या जातीचं विमान पूर्णपणे सिम्युलेटरवर शिकतात आणि प्रवासी घेऊनच ते पहिल्यांदा उडवतात, ते कसं? कारण भार त्यांनी आधीच वाहिलेला असतो. खोट्या आकाशाला त्यांना फक्त नवीन अक्षरं शिकवायची असतात. पायऱ्या गाळल्या तर काय होतं, हे नाशिककरांना परकं नाही. ओझरच्या एचएएल कारखान्यात बनलेली मिग-21 लढाऊ विमानं वर्षानुवर्षं अशा तरुणांच्या हाती गेली, ज्यांचं आधीचं शिक्षण त्याहून कितीतरी संथ विमानांवर झालं होतं, आणि अपघात होत राहिले. मधली पायरी हवी अशी शिफारस ला फॉन्टेन समितीने 1982 मध्येच केली. ती पायरी, म्हणजे हॉक विमान, हवाई दलात आलं 2008 मध्ये. घरचा सिम्युलेटर हीसुद्धा एक पायरी आहे, सगळ्यांत खालची. तिला पायरी मानून जो बसेल, त्याचा एक तासही वाया जात नाही. त्या तासात थांबवण्याची कळ न वापरता, पडलं तर पडू देऊन, का पडलं ते शोधल्याशिवाय पुन्हा सुरू न करणाऱ्याला तर ती पायरी फार वर नेते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी मात्र आपल्याकडे 200 तासांचं उड्डाण लागतं, आणि घरच्या टेबलापाशी केलेला एकही तास त्यात धरला जात नाही.