जळलं काय, जाळलं कशानं

‘ब्लोअरची मोटार रिपेअर होत नसते, अख्खा सेटच बदलावा लागतो.’ पंधरा-वीस वर्षांची गाडी घेऊन बीड, केज, परळी, कुठल्याही गॅरेजवर जा, हे वाक्य कानावर येतंच. खटकते ती त्यातली खात्री. कारण त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर वाइंडिंगचं दुकान असतं, आणि तिथे विहिरीवरची पाच एचपीची मोटार उघडून, जळकी तार उपटून नव्या कॉइली भरण्याचं काम रोज चालू असतं. विहिरीवरची एवढी मोठी मोटार दुरुस्त होते आणि गाडीतली नारळाएवढी होत नाही, म्हणजे नेमकं काय? करता येत नाही, करायला कोणी बसत नाही, की केलेलं परवडत नाही? ही तीन वेगळी विधानं आहेत, आणि गॅरेजवर ती तिन्ही एकाच दमात उरकली जातात.

ब्लोअर म्हणजे गाडीत हवा ढकलणारा पंखा. तो फिरत नाही, एवढं गाडीवाल्याला कळतं. तिथून पुढे दोन प्रश्न उरतात, आणि माझ्या मते सगळी दुरुस्तीविद्या त्यांच्यातल्या फरकावर उभी आहे: बिघडलं काय, आणि बिघडवलं कशानं. पहिल्याचं उत्तर फारसं अवघड नाही. जुन्या गाडीत डॅशबोर्डखाली डावीकडे कार्बनवर चालणारी साधी डीसी मोटार असते. पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर मोटार चालू आहे, पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेला आहे. कारण शेवटच्या नंबरला करंट रेझिस्टर टाळून थेट मोटारीकडे जातो. पंखा बंद आहे, पण मोटारीला खालून टिचकी मारली की सुरू होतो, तर कार्बन झिजले आहेत. चिरचिर आवाज येत असेल तर बुश कोरडं पडलं असेल, नाहीतर पुढच्या काचेखालच्या जाळीतून लिंबाचा पाला पंख्यात उतरला असेल. जुन्या बऱ्याच लहान गाड्यांना केबिन फिल्टर नसतोच, आणि आपल्याकडची मे महिन्यातली धूळ कुणाची परवानगी घेऊन आत येत नाही. दुसरा प्रश्न मात्र वेळ मागतो. कोरड्या बुशात मोटार जड फिरते. डीसी मोटार फिरता फिरता स्वतःच उलटा विद्युतदाब तयार करत असते आणि तोच करंटला आवर घालतो. वेग घटला की तो आवर सुटतो आणि करंट वाढतो. शिवाय रेझिस्टर मुद्दाम त्याच पंख्याच्या झोतात बसवलेला असतो, वाऱ्यानं तो गार राहावा म्हणून. म्हणजे मोटार अडखळली की त्याला दोन्हीकडून मार बसतो: करंट जास्त, वारा कमी. तो जळतो, कनेक्टरचं प्लॅस्टिक वितळतं. दुकानातून नवा रेझिस्टर येतो, पंखा चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पुढच्या उन्हाळ्यात नवाही जळतो, आणि ‘डुप्लिकेट माल’ म्हणून शिव्या रेझिस्टरला बसतात. बुशाचं नावही कुणी काढत नाही.

‘सेट बदला’ म्हणणाऱ्याची बाजू पोकळ नाही. त्याचं म्हणणं असं: कार्बन बदलायचे तर मोटार काढा, उघडा, कम्युटेटर घासा, बुशाला तेल द्या, पुन्हा बसवा, यात अर्धा दिवस गेला, आणि एवढं करून महिनाभरात गाडी परत आली तर बदनामी माझी. नवा सेट टाकला तर तासाभरात मोकळा. हिशेब बरोबर आहे, पण तो इथला नाही. जिथे कारागिराचा तास महाग आणि कारखान्यातली वस्तू स्वस्त, तिथे दुरुस्ती मरणारच; श्रीमंत देशांत ती तशीच मेली. आपल्याकडे गणित उलटं आहे. सेटची किंमत मुंबईत जवळपास जेवढी, तेवढीच माजलगावात. मजुरी मात्र माजलगावातली. महाग वस्तू वाचवायला स्वस्त श्रम खर्चणं हे इथे शहाणपण ठरायला हवं. राहिली खात्री. ‘इलेक्ट्रिकच्या सामानाला गॅरंटी नाही’ हे ज्या काउंटरवर ऐकू येतं, त्याच काउंटरवरून नव्या सेटचा भरवसा मिळतो, हे गमतीचं आहे. कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या गाडीवर जीव कशाला काढता, भंगारात द्या. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी पुन्हा करण्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 झालं. ते भरून गाडी ठेवणारा माणूस विचार करूनच ठेवतो. त्याला नव्या गाडीचा सल्ला देणं म्हणजे त्याच्या खिशाचा विचार न करता बोलणं.

मजुरी आड येत नसेल, तर आड येतं काय? मोटारीची बांधणी. जुन्या मोटारीचं झाकण दोन स्क्रूवर असायचं. नंतरच्या कितीतरी मोटारींचं पत्र्याचं कवच कडा चेपूनच बंद केलेलं असतं. उघडायचं तर त्या कडा उचकटायच्या आणि पुन्हा तशाच बसतील अशी आशा करायची. कार्बन सुटे विकायला ठेवलेले नसतात. कारागीर दुसऱ्याच कुठल्या मोटारीचे घेऊन कानशीनं घासून बसवतो. हे निव्वळ दुर्दैव नव्हे, हे भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात नोंदवलं आहे. चौदा मोटार कंपन्या सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू देत नाहीत, असं ठरवून आयोगानं त्यांना मिळून सुमारे 2544 कोटींचा दंड केला. पुढे अपिलं, न्यायालयं, नेहमीचा प्रवास. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या चार क्षेत्रांत मोटारगाड्या आणि शेतीची अवजारं दोन्ही होती. बीडसारख्या जिल्ह्याला या दोन्हींपेक्षा जवळचं काय असेल?

इथे थोडं आडवळण घेतो. बीडमध्ये हीटर हवा कुणाला, असा प्रश्न येईलच. जानेवारीतल्या चार पहाटा सोडल्या तर तांबड्या खुणेकडे कुणी नॉब फिरवत नाही. पण ब्लोअर एकच असतो: एसीची हवा तोच ढकलतो, पावसात काचेवर धरलेली वाफ तोच उडवतो, आणि हीटरही त्याच्याच जिवावर चालतो. आता एप्रिलच्या दुपारी मांजरसुंब्याच्या घाटात गाडी भरून चढते आहे आणि तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकतो आहे, असं समजा. जुने ड्रायव्हर अशा वेळी एसी बंद करून, काचा उघडून हीटर पूर्ण सोडतात. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत हीटर! वेडेपणा वाटतो, पण हीटरमध्ये इंजिनाचंच गरम पाणी फिरत असतं, आणि इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा त्या पाण्यावाटेच बाहेर पडतो. हीटर म्हणजे फुकटचा दुसरा छोटा रेडिएटर. घाटमाथ्यापर्यंत तो इंजिन तारून नेतो, मात्र ब्लोअर चालू असेल तरच. चैनीच्या यादीत टाकलेला हा पंखा बालाघाटाच्या डोंगरात इंजिनाचं हेडगॅस्केट वाचवतो.

इथवर मी वाइंडिंगच्या दुकानाची बाजू घेत आलो. पण त्या दुकानाकडे नीट पाहिलं तर माझाच मुद्दा डळमळतो. तिथे येणाऱ्या मोटारींत तीच मोटार पुन्हा पुन्हा येते. का जळते? शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासच असते. ती आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, आणि कमी व्होल्टेजवर तेवढंच पाणी उपसायला मोटार जास्त करंट ओढते. वाइंडिंग तापतं, जळतं. कधी डीपीच जळते. कॅपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतं. शेतकऱ्याचीही अडचण खरी आहे: रात्री दोनला वीज येणार असेल तर ऑटो स्विच काढून विहिरीवर जागायचं कुणी? म्हणून जळकी तार निघते, नवी भरली जाते, मोटार त्याच विहिरीवर, त्याच व्होल्टेजवर परत जाते. हात कसबी आहेत, काम चोख आहे, आणि तरीही दुसरा प्रश्न इथेही सुटलेला नाही. सेट बदलणाऱ्या गॅरेजवाल्यात आणि कॉइल भरणाऱ्या कारागिरात मग फरक काय राहिला? दोघांनीही जळलेलं काढलं आणि न जळलेलं बसवलं. सेट बदलणारा पण पाल्याची जाळी साफ करून, नव्या मोटारीचा करंट मोजून गाडी सोडणारा मेकॅनिक मला आता या दोघांपेक्षा मोठा कारागीर वाटतो.

म्हणजे दुरुस्ती हा स्वतःच गुण नाही, आणि बदलणं हा स्वतःच दोष नाही. मग चेपून बंद केलेल्या मोटारीवरचा माझा राग गेला का? नाही, त्याचं कारण बदललं. ती मोटार दुरुस्तीच्या आधी चौकशीचा रस्ता बंद करते. बुश कोरडं होतं की कार्बन संपले होते, हे ती फोडल्याशिवाय खात्रीनं कळत नाही, आणि फोडल्यावर ती कामाची राहीलच असं नाही. म्हणून दुरुस्तीच्या हक्काच्या चर्चेत सुट्या भागांच्या किमतीवर जेवढा भर असतो, त्याहून जास्त वायरिंगच्या नकाशांवर आणि तपासणीच्या माहितीवर असायला हवा. शिक्षणातही हीच फट आहे. आयटीआयत मोटार मेकॅनिक हा दोन वर्षांचा वेगळा ट्रेड, इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा वेगळा. ब्लोअर दोघांच्या मधे पडतो: मेकॅनिक म्हणतो हे वायरमनचं काम, वायरमन म्हणतो डॅशबोर्ड मी खोलत नाही. जी कुणाच्याच वाट्याला येत नाही, त्या वस्तूचा सेटच बदलला जातो.

तेव्हा ब्लोअर बंद पडला आणि नवा सेट टाकायचं ठरलं, तर खुशाल टाका. पण जुनी मोटार दुकानात सोडू नका, मागून घ्या आणि तिचा दांडा बोटांनी फिरवून पाहा. जड फिरत असेल तर रेझिस्टर कशानं गेला त्याचा अंदाज तिथेच येईल. काचेखालची जाळी उघडून पाला काढायला सांगा. आणि पैसे देण्याआधी नव्या मोटारीचा करंट डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर मोजून घ्या. त्याला दोन मिनिटं लागतात.