'नक्को' कोणाचा शब्द?

माझी मुलगी सव्वा वर्षाची असताना तिने पहिला ठाम शब्द उच्चारला, तो 'नक्को' होता. त्याआधी 'बा', 'मम', 'दादी'तला 'दा' असे सुटे आवाज निघत. पण त्यांचे अर्थ आम्ही लावलेले होते. 'नक्को' मात्र तिचा स्वतःचा. दुधाचा पेला पुढे केला की ती ओठ घट्ट मिटायची, मान फिरवायची आणि मग शांतपणे म्हणायची, "नक्को."

घरात लगेच वाद सुरू झाला. हा शब्द ती शिकली कोणाकडून? शेजारच्या काकू, ज्यांच्या अंगणात ती दुपारी खेळते, म्हणाल्या, "आमच्याकडे शिकली हो! 'नको' म्हणते बघा कशी." हे ऐकून अम्मी उसळलीच. "काकूका कायका? मेराच है वो. मैंच बोलती दिनभर, नक्को-नक्को." मी मराठीचा शिक्षक. निवाडा करणे मला भाग होते आणि निवाडा सोपा होता. दोघीही बरोबर होत्या. दखनीतला 'नक्को' हा मराठीच्या 'नको'वरूनच आलेला आहे. इतकेच काय, 'मेराच', 'मैंच' असे म्हणत अम्मी जो हक्क सांगत होती, त्या हक्काचा 'च'सुद्धा मराठीचाच. शतकानुशतके एकाच आडावर पाणी भरणाऱ्या दोन बायकांच्या घागरी कधीतरी अदलाबदल व्हाव्यात, तसे हे शब्द या घरातून त्या घरात गेले. कोणी उसने दिले आणि कोणी परत केले नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तेव्हा आम्ही सगळे हसलो. पुढे काही महिन्यांनी मी जे केले, त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

मुलगी वीस महिन्यांची झाली आणि दोन-दोन शब्द जोडू लागली. "पानी दे." "दादी, आव." "भूर जातूं." मधूनच काकूंकडचे "चिऊ बघ", आणि टीव्हीवरचे "बाय". त्याच सुमारास घरात शाळेची चर्चा सुरू झाली. प्रवेशाच्या वेळी मुलांना चित्रे दाखवून नावे विचारतात, असे कोणी सांगितले. एका नातेवाइकाने इशारा दिला की घरात तीन भाषा चालल्या तर मूल गोंधळते. मी घाबरलो. एका संध्याकाळी मी अम्मीला म्हणालो, "अम्मी, उसके सात जरा बराबर बोलते जा ना. नै तो स्कूलमें बी ऐसाच बोलेगी."

हे मी तिला दखनीतच सांगितले, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही.

अम्मी फक्त "हाव" म्हणाली. आणि तिने माझे म्हणणे तंतोतंत पाळले. तिला ना 'शुद्ध' मराठी येते, ना 'साफ' उर्दू. तेव्हा बराबर बोलायचे म्हणजे तिच्यापुढे एकच मार्ग होता, न बोलणे. ती नातीला भरवायची, केसांना तेल लावायची, मांडीवर घेऊन थोपटायची, पण मुक्याने. दोन-तीन आठवडे मला घर शांत वाटले, बरेही वाटले. मग एके दिवशी मी पाहिले, मुलगी दादीच्या पलंगाजवळ गेली, वर चढून बसली, ओठांवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "श्श." दादीजवळ बोलायचे नसते, हे ती शिकली होती. हा धडा मी दिलेला होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. बोलायला शिकणाऱ्या मुलाला कोणती भाषा द्यायची आणि कोणती द्यायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे का? असेल तर त्याला मर्यादा कोणती?

वरवर पाहता हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो. मूल आपले, त्याचे भले आपण पाहायचे. पण भाषा ही अंगरख्यासारखी नाही की आपण निवडून अंगावर चढवावी. इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त भाषेला अंगवळणी पडणारे कसब म्हटले आहे. मूल आपल्या लोकांत आधी सुटे शब्द ऐकते, मग त्यांची जोडणी ऐकते, आणि पुन्हा पुन्हा ऐकून ते कसब त्याच्या अंगी मुरते, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे भाषा देण्याचे काम कोणी एक शिक्षक करीत नाही. भोवतालची सगळी माणसे करतात, बहुतेक वेळा नकळत. त्यांतल्या एखाद्याला गप्प बसवणे म्हणजे मुलाच्या भाषेची निवड करणे नव्हे. त्याच्या माणसांची निवड करणे होय.

आधुनिक संशोधन याच्या पुढे जाते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्याला फार जवळचा आहे, कारण त्यात हिंदीतल्या दंत्य आणि मूर्धन्य उच्चारांचा, म्हणजे 'त' आणि 'ट' यांतल्या फरकाचा उपयोग केला होता. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हा फरक सहज ओळखत. तीच क्षमता दहा-बारा महिन्यांच्या बाळांत जवळजवळ उरत नसे, कारण घरात तो फरक कोणी बोलतच नव्हते. बाळ सगळ्या जगाचे कान घेऊन येते आणि जे कानावर पडत नाही त्याची दारे हळूहळू लावून घेते. यातून मला एक अस्वस्थ करणारी गोष्ट कळली. न बोलणे हाही निर्णयच असतो. मुलाला एखादी बोली 'दिली नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा आपण एक दार बंद केलेले असते, आणि ते बंद करताना मुलाची संमती कोणी घेतलेली नसते.

आपल्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या फार सुंदर आहे. लहानपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलली, ती तिची मातृभाषा. ज्यांना अजून बोलता येत नाही अशा तान्ह्या बाळांच्या नावापुढे आईची भाषा नोंदवतात. म्हणजे माझ्या मुलीला एकही शब्द येत नव्हता, तेव्हाही सरकारच्या लेखी तिला एक भाषा होती. पण रकाना भरताना आपण काय करतो? घरात दखनी बोलणारी आमच्यासारखी किती घरे तिथे 'उर्दू' सांगतात, आणि माझ्यासारखे काही 'मराठी'. दोन्ही उत्तरांत खोटेपणा आहे असे मी म्हणणार नाही; पण दोन्ही उत्तरांत अम्मी नाही.

हे आपल्या चळवळीच्या संदर्भातही बोलले पाहिजे. १९९० साली याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी ही आमचीच भाषा आहे, हे तेव्हा ठासून सांगण्याची गरज होती आणि आजही ती संपलेली नाही. "तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता!" हे कौतुक मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. शाळेत असताना एकदा फळ्यासमोर उभा राहून मी घाईत "मेरेकू आता है" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्या दिवशी मी ठरवले की पुन्हा कोणाला हसायची संधी द्यायची नाही. माझे मराठी निर्दोष झाले त्याचे मूळ भाषेच्या प्रेमात आहे, असे मी पुढे अनेक ठिकाणी सांगितले. ते खरे आहे; पण अर्धेच. दुसरे अर्धे मूळ त्या हसण्यात आहे. आणि अम्मीला 'बराबर बोल' म्हणालो, तेव्हा माझ्या तोंडून बोलत होता तो मराठीचा शिक्षक नव्हता, फळ्यासमोरचा तो मुलगा होता.

एका बाजूला शुद्ध उर्दूचा आग्रह धरणारे आणि दुसऱ्या बाजूला प्रमाण मराठीची कास धरणारे, असे आपल्यात दोन पक्ष आहेत. ते एकमेकांशी भांडतात. पण अम्मीला गप्प बसवण्याच्या बाबतीत दोघांचेही एकमत होते, हे आपण मान्य करायला हवे.

वास्तविक आपल्या परंपरेने असे कधी केले नाही. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या विजापुरात सूफींनी दीनची शिकवण पोहोचवली ती कोणत्या मार्गाने? रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील १९७८ च्या आपल्या ग्रंथात चक्कीनामा आणि चरखानामा या दखनी रचनांचा परिचय करून दिला आहे. बायकांनी दळताना, सूत काततानाच म्हणायची ही गाणी. त्यांच्या जोडीला पाळण्याची गाणीही होती. ज्या बोलीची मला लाज वाटली, त्या बोलीत अल्लाहचे नाव जात्याच्या फेऱ्याबरोबर घराघरांत गेले आणि मांडीवरच्या बाळांच्या कानांत उतरले. माणसांच्या भाषा आणि त्यांचे रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी आहे, असे कुरआनच्या सूरह रूममध्ये सांगितले आहे. तिथे अमुक भाषा शुद्ध आणि तमुक अशुद्ध अशी वाटणी नाही.

आणि आपला एक रिवाज पाहा. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्लाह करण्याची पद्धत आहे. अक्षरज्ञान तिथून सुरू. म्हणजे त्याआधीची चार वर्षे उस्तादाची नाहीत. ती आईची, दादी-नानीची, गल्लीची. मी मात्र वीस महिन्यांच्या पोरीच्या बाबतीत उस्ताद होऊन बसलो.

याला एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बोलीचे गोडवे गाणारे बहुतेक लोक स्वतः प्रमाणभाषा शिकून पुढे गेलेले असतात. अर्ज प्रमाणभाषेत लिहावा लागतो, मुलाखत प्रमाणभाषेत होते, न्यायालयात आणि दवाखान्यात बोली बोलणाऱ्याचे ऐकून घेतले जात नाही. गरिबाच्या मुलाला बोलीतच ठेवणे म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर ठेवणे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माझ्या मुलीला उत्तम मराठी आले पाहिजे, इंग्रजी आले पाहिजे, उर्दू वाचता आली तर आनंदच. पण यातून अम्मीची बोली वजा केली पाहिजे, हे कुठे सिद्ध होते? अनेक भाषांच्या घरात वाढणारी मुले सुरुवातीला शब्दांची सरमिसळ करतात आणि कोणाशी काय बोलायचे हे पुढे आपसूक वेगळे करतात, हे भाषेच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. माझ्या मुलीने काकूंना 'पाणी' आणि दादीला 'पानी' म्हणायला केव्हाच सुरुवात केली होती. गोंधळ तिचा नव्हता, माझा होता.

मग मुलाचे बोलणे सुधारायचेच नाही का? सुधारायचे. पण सुधारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे मला आता वाटते. हा शब्द चुकीचा आहे म्हणून मी अडवतो आहे, की या शब्दातून आपण कुठले आहोत हे कळते म्हणून? मूल कोणाला टोचून बोलले, खोटे बोलले, मोलकरणीला हुकूम सोडल्यासारखे बोलले, तर जरूर अडवावे. तिथे गप्प बसणे हा गुन्हा ठरेल. पण ज्या शब्दाचा दोष एवढाच, की त्याला आजीच्या ओढणीचा वास येतो, तो अडवताना आपण मुलाला भाषा शिकवत नसतो, लाज शिकवत असतो. आणि लाज ही अशी गोष्ट आहे की ती मूल एकदाच ऐकून शिकते.

मूल ही अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानत म्हणजे आपल्याकडे विश्वासाने सोपवलेली दुसऱ्याची वस्तू. तिच्यात आपल्या मर्जीने काटछाट करता येत नाही. भाषेच्या बाबतीत मला ही कल्पना दोन्ही बाजूंनी लागू वाटते. मुलगी माझ्याकडे अमानत आहे आणि अम्मीची बोलीही. एकीच्या हाती दुसरी पोहोचवणे एवढेच माझे काम होते. मी मधल्या मध्ये दार लावून उभा राहिलो.

हे सगळे मी अम्मीला समजावून सांगायला गेलो नाही. एवढेच म्हणालो, "अम्मी, बोल ना गे उसके सात." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अब क्या बोलूं? बराबर आना ना मेरेकू." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. काही दिवस असेच गेले.

मग एका दुपारी मुलगी तिच्या पलंगावर चढली. हल्ली तिला प्रत्येक वस्तूचे नाव हवे असते. तिने पानाच्या डब्यात हात घातला, आतली वस्तू उचलली आणि विचारले, "ये क्या?" अम्मीने आधी माझ्याकडे पाहिले. मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग अम्मीचा आवाज आला, "अडकित्ता. हात नक्को लगाव, कटता."

"कित्ता," मुलगी म्हणाली. "नक्को."

"हाव. नक्को," अम्मी म्हणाली. आणि मग ती बराच वेळ बोलत राहिली.