देवाची कन्या

मुलीला स्थळ आले की आपण आधी तिचा रंग विचारतो. ती सावळी असली, तर "मन मात्र चांगलं आहे हो" असे म्हणून समाधान करून घेतो. आंतरिक सौंदर्य म्हणजे रूपाची भरपाई आहे काय?

सुदानच्या संत जोसेफिन बखिता यांना लहानपणीच पळवून गुलाम म्हणून विकण्यात आले. भीतीने त्या स्वतःचे नावही विसरल्या. 'बखिता' हे नाव पळवणाऱ्यांनी दिलेले. मालकिणीच्या हौसेखातर त्यांच्या अंगावर सुरीने नक्षी कोरली गेली. ९ जानेवारी १८९० रोजी व्हेनिसमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्यानंतर त्या अनेकदा त्या स्नानकुंडाचे चुंबन घेत. आपण देवाची कन्या झालो ते इथेच, असे सांगत.

अंगावरचे व्रण तसेच राहिले. पण त्यांची किंमत ठरवण्याचा अधिकार आता कोणत्याही मालकाला उरला नव्हता. हे नाव त्यांना चांगल्या मनाचे बक्षीस म्हणून मिळाले नाही. ते देवाचे दान होते. त्यांचा गोडवा आणि क्षमाशीलता त्या दानातून उमलली.

भगिनींनो, तेच नाव आपल्यालाही स्नानसंस्कारात मिळाले आहे. आरशासमोर ते आठवू या. आणि पुढच्या वेळी स्थळ पाहताना, रंग विचारण्याआधी आपण सर्वांनीच ते आठवू या.