किती वर्षांनी आलात?

लहानपणी आई हाताला धरून दातांच्या डॉक्टरांकडे न्यायची. आपण मोठे झालो आणि ती वाट सुटली. दाढ ठणकली की लवंग धरतो, गोळी घेतो. ठणका थांबला की विसरतो. पैशाची अडचण काहींची खरीच असते. पण आपल्या पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचे आणि कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तरीही पाऊल उचलत नाही. का? "इतकी वर्षे काय करत होता?" असे कोणी विचारील, याची लाज वाटते.

ही लाज चांगली की वाईट? चूक उमगते तोवर चांगली. पण ती आपल्याला लपायला लावते, तेव्हा तीच चूक वाढवते. दाताची कीड सुरुवातीला दुखत नाही. दुखते तेव्हा ती खोल गेलेली असते. पडलेले भोक आपोआप बुजत नाही.

पापनिवेदनाला गेल्यावर मागच्या वेळेपासून किती काळ लोटला, हे आपण आधीच सांगून टाकतो. मग लपवायला काही उरत नाही. दवाखान्यातही असेच म्हणावे : "दहा वर्षांनी आलोय, भीती वाटते." आणि घरातले कोणी असे निघाले, तर "आता सुचले का?" असे म्हणू नये, सोबत जावे.

दातदुखीने पिडलेल्यांची आश्रयदाती संत अपोलोनिया हिचा सण ९ फेब्रुवारीला असतो. तोवर मात्र थांबू नये!